खलित्याचा दुसरा वाचक

बुंदेलखंडातील गुरसराय हे गाव मराठी वाचकाच्या स्मरणात सहसा नसते. झाशीचे नाव निघाले की किल्ला आठवतो, घोड्यावरची राणी आठवते. त्याच जिल्ह्यातल्या गरौठा तहसिलीतले गुरसराय मात्र नकाशावर शोधावे लागते. तरीही या गावाचे मराठीशी नाते जुने आहे. रत्नागिरीजवळच्या नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर पेशव्यांच्या चाकरीत उत्तरेस गेले आणि गोविंदपंत बुंदेले या नावाने इतिहासात राहिले. १७२९ मध्ये बंगशाच्या तावडीतून सोडवल्याबद्दल छत्रसालाने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावास देऊ केला. त्या मुलखाची व्यवस्था पुढे गोविंदपंतांकडे आली. १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या अखेरच्या लढाईपूर्वी थोडेच दिवस, ते मारले गेले. त्यांच्या कुळाच्या शाखा सागर, जालौन आणि गुरसराय येथे नांदल्या. शेजारीच झाशीला नेवाळकरांचे घराणे होते. कोकणातून निघालेली ही माणसे शे-सव्वाशे वर्षांत बुंदेलखंडाची झाली, आणि त्यांच्यामागून आलेल्या दुसऱ्या एका परक्या सत्तेशी तहाची कलमे लिहू लागली.

साम्राज्याशी वाद कसा घालावा, या प्रश्नाचा विचार या कागदांपासून सुरू करावा असे मला वाटते. साम्राज्यविरोधी लेखन म्हटले की आपल्याला आवेश अपेक्षित असतो. गर्जना, शाप, रक्ताची शाई. प्रत्यक्षात या विषयावरचे जे लेखन टिकले, त्याचा स्वर बहुधा शांत आहे, आणि त्याची दोन हत्यारे आहेत: तर्क आणि उपरोध. ही दोन हत्यारे एकमेकांपासून वेगळी नाहीत, हे या लेखाचे म्हणणे आहे. त्यांपैकी एकटा तर्क कोठे थांबतो, हे झाशीच्या खलित्यांत दिसते.

१८०४ मध्ये झाशीच्या शिवराव भाऊंशी कंपनीने तह केला. पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे आपले हक्क सोडल्यावर १८१७ मध्ये त्यांचा नातू रामचंद्रराव याच्याशी नवा तह झाला आणि झाशीचे राज्य त्याच्याकडे वंशपरंपरेने राहील असे त्यात नमूद झाले. १८३२ मध्ये बेंटिंकने रामचंद्ररावाला ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’ हा किताब दिला. फिदवी म्हणजे एकनिष्ठ सेवक. इंग्लंडच्या वैभवशाली बादशहाचा एकनिष्ठ सेवक! पदवी देणाऱ्यांनी ती पूर्ण गांभीर्याने दिली होती आणि घेणाऱ्याने ती गांभीर्यानेच घेतली. इतिहासाला कधी कधी उपरोध लिहिण्यासाठी लेखकही लागत नाही.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्या दिवशी त्यांनी एका लहान मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले होते. डिसेंबर १८५३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरल डलहौसी याला खलिते पाठवले. हे खलिते वाचताना आश्चर्य वाटते ते त्यांतील संयमाचे. रडगाणे नाही, धमकी नाही. १८१७ च्या तहातील फारसी मजकुरात ‘वारिसान’ आणि ‘जानशीनान’ असे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ रक्ताचे वारस, दुसऱ्याचा अर्थ गादीवर मागून येणारे. रक्ताचे वारस एवढाच अर्थ अभिप्रेत असता तर दुसरा शब्द लिहिण्याचे प्रयोजन काय, असा या खलित्याचा मुख्य मुद्दा आहे. तहाचे शब्द तुमचे, त्यांवरची मोहर तुमची. मग त्यांतला एक शब्द निरर्थक होता असे तुम्ही आता म्हणणार काय? पुढे शेजारचे दाखले येतात: दतिया, ओरछा आणि गुरसरायच्या खेरांच्याच कुळातले जालौन. या तिन्ही ठिकाणी दत्तकाला मान्यता मिळाली होती. झाशीनेच काय अपराध केला? बुंदेलखंडातला कंपनीचा अधिकारी एलिस यालाही झाशी आणि ओरछा यांच्या तहांत फरक करण्याचे कारण दिसले नव्हते.

डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात निकाल दिला. झाशी हे सार्वभौम राज्य नसून कंपनीने दिलेले दान आहे, दान देणाऱ्याच्या संमतीवाचून दत्तकाला राज्य मिळत नाही, आणि शिवाय रयतेचे हित इंग्रजी कारभारातच आहे, असा त्याचा आशय होता. मार्चमध्ये झाशी खालसा झाली. राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन देऊ करण्यात आले.

राणीचा युक्तिवाद हरला, असे यावर कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. १८५७ नंतर राज्य राणीच्या, म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या, हाती गेले. पुढे कॅनिंगने संस्थानिकांना सनदा देऊन दत्तकाचा हक्क मान्य केला. या सनदा १८६२ च्या सुमारास देशभर वाटल्या गेल्या. झाशीच्या खलित्यांत जे मागितले होते तेच त्यांत होते. दामोदररावांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. ते १९०६ पर्यंत इंदूरला तुटपुंज्या वेतनावर जगले. तेव्हा युक्तिवाद खोटा नव्हता. उणीव दुसरीकडे होती. त्या खलित्याला एकच वाचक होता, आणि तोच वादातला प्रतिपक्ष होता. ज्याच्याविरुद्ध फिर्याद करायची त्याच्याच चावडीवर ती दाखल करावी लागली.

राणीने पुढे सल्ल्यासाठी बोलावलेला वकील जॉन लँग हा ‘मफस्सलाइट’ या वृत्तपत्राचा संपादक होता आणि कंपनी सरकारची टर उडवण्याबद्दल प्रसिद्ध होता, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या या माणसाला दुसऱ्या वाचकाचे महत्त्व कळत होते. झाशीच्या भेटीची हकिकत त्याने १८५९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. तोवर राणी रणांगणावर पडून वर्ष उलटले होते.

दुसरा वाचक म्हणजे कोण, हे समजण्यासाठी झाशीच्या खलित्यांपूर्वी बारा-तेरा वर्षे मुंबईत घडलेली एक गोष्ट पाहिली पाहिजे. १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे भाऊ. वय पंचविशीच्या आसपास. पुढे १८४७ मध्ये ते वारले, आणि ही पत्रे इतकी विस्मरणात गेली की इतिहासकार जे. व्ही. नाईक यांनी ती पुन्हा उजेडात आणावी लागली. संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत आपण दादाभाई नौरोजींच्या नावाने ओळखतो. त्याचे बीज या पत्रांत स्पष्ट दिसते.

भास्कर पांडुरंगांची पद्धत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. इंग्रजांचा तेव्हाचा मोठा दावा असा होता की त्यांनी पेंढारी, रामोशी यांच्या लुटीपासून हिंदुस्थानाची सुटका केली. तरुण लेखक हा दावा नाकारत नाही. तो म्हणतो, ठीक, हे श्रेय तुम्हाला दिले. आता हिशेब करू. आणि हिशेबाअंती तो दाखवतो की इंग्रजी व्यापाराने काही वर्षांत आमच्या थैल्यांतून जे काढून नेले, ते नेण्यास या टोळ्यांना पाच-सहाशे वर्षेही पुरली नसती. पेंढारी परत आणा, असे तो कोठेही म्हणत नाही. त्याने केवळ दोन लुटारूंना एका तराजूत घातले, आणि तराजू इंग्रजांचाच वापरला.

येथे तर्क कोठे संपतो आणि उपरोध कोठे सुरू होतो? सांगता येत नाही. माझ्या मते ते सांगता न येणे हेच या लेखनाचे बळ आहे. आपल्याकडच्या शास्त्रीय वादपद्धतीत स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्णपणे, प्रामाणिकपणे मांडावे लागते. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. उपरोध करणारा लेखक पूर्वपक्ष मांडतो आणि तेथेच मुक्काम ठोकतो. तो प्रतिपक्षाचे म्हणणे खोडत नाही, ते मान्य करून त्याच्या शेवटापर्यंत चालत जातो. चालता चालता ते म्हणणे स्वतःच्याच पायात अडकते. यालाच जुने पंडित वदतोव्याघात म्हणत: बोलणाऱ्याचे बोलणेच त्याच्या बोलण्याला मारते. उत्तरपक्ष लिहिण्याचे काम वाचक करतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा सोडत नाही.

आयर्लंडच्या जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये, म्हणजे बाजीराव छत्रसालाच्या मदतीस धावला त्याच वर्षी, हे तंत्र टोकाला नेले. इंग्रज सत्तेखाली आणि जमीनदारांच्या खंडाखाली आयरिश गरीब उपाशी मरत होते, आणि हुशार लोक दारिद्र्यनिवारणाच्या योजनांचे कागद काढत होते. स्विफ्टनेही एक योजना काढली: गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत. मुलांची संख्या, वजन, किंमत, नफा, सारे आकडे त्याने गंभीरपणे मांडले. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो सूचनेच्या क्रौर्यामुळे तर खराच. पण त्याहून अधिक, त्या हिशेबी भाषेच्या ओळखीमुळे. ही भाषा आपण सरकारी अहवालांत रोज वाचतो, हे त्याला एकाएकी कळते.

दादाभाईंच्या लेखनात असा विनोद औषधालाही नाही. पानेच्या पाने आकडे, पत्रव्यवहार, संसदेपुढची निवेदने. पण १९०१ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाला जे नाव दिले त्यात हिंदुस्थानातील राज्य ‘ब्रिटिशांना न शोभणारे’ म्हटले आहे. त्या एका विशेषणात इंग्रजांचा सारा अभिमान मान्य केला आहे आणि त्याच अभिमानाच्या दोरीने त्यांना बांधले आहे. तुम्ही न्यायी आहात ना? मग हे राज्य तुमचे कसे असेल?

अशा लेखनाला दोन वाचक लागतात. एक, ज्याला उद्देशून ते लिहिले आहे. दुसरा, जो बाजूला उभा राहून ऐकतो. पहिला बहुधा सत्ताधारी असतो आणि त्याचे मन वळेल अशी लेखकालाही फारशी आशा नसते. खरे कार्य दुसऱ्या वाचकावर होते. खलिता दरबारात उघडला जातो, वृत्तपत्र ओसरीवर. झाशीच्या खलित्यातला तर्क भास्कर पांडुरंगांच्या तर्कापेक्षा कोठेही कमी नव्हता. पण तो ओसरीवर पोहोचला नाही.

१८७० नंतर ओसरीवर पोहोचणे धोक्याचे झाले. त्या वर्षी दंड संहितेत राजद्रोहाचे १२४-अ कलम आले. १८९७ मध्ये टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्यातील ‘अप्रीती’ या अर्थाच्या शब्दाचा उलगडा ‘प्रीतीचा अभाव’ असा केला. हा अर्थ क्षणभर मान्य करून पाहू. राज्यकर्त्यावर प्रेम नसणे हा गुन्हा ठरला, तर प्रेम करणे ही कायदेशीर सक्ती ठरते. मग जो प्रजाजन सरकारविषयी काहीच बोलत नाही, त्याच्या मौनाची तपासणी कोणी करायची? कायद्याचे शब्दच असे होते की त्यांवर उपरोध करण्यासाठी ते जसेच्या तसे पुन्हा म्हणणे पुरे होते.

शिवराम महादेव परांजपे यांनी नेमके हेच केले. १८९८ मध्ये त्यांनी ‘काळ’ हे साप्ताहिक सुरू केले आणि सुमारे दहा वर्षे मराठी गद्यात वक्रोक्तीचा एक अपूर्व खेळ मांडला. ते संस्कृतचे पंडित होते. व्याजस्तुती म्हणजे काय हे त्यांना काव्यशास्त्रातून ठाऊक होते. वरून स्तुती, आतून निंदा. मुंबई सरकारचे भाषांतर खाते देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करी. त्या खात्यातल्या भाषांतरकाराची अडचण कल्पून पाहा. उदाहरणादाखल समजा, एखाद्याने लिहिले की सरकारने आमची शस्त्रे काढून घेतली हे फार बरे केले, कारण पूर्वी आम्हाला चहूंकडून भय असे, आता ते एकाच ठिकाणी गोळा झाल्याने जपून राहणे सोपे गेले. (हे वाक्य माझे आहे, ‘काळ’कारांचे याहून किती तरी सरस असे.) याचे शब्दशः भाषांतर केले तर सरकारची प्रशंसा होते. आशयाचे भाषांतर करावे, तर भाषांतरकाराला आधी कबूल करावे लागते की सरकारचे भय वाटते हे त्यालाही समजते. वक्रोक्तीवर खटला भरणारा सरकारी वकील लेखकाचा अर्थ न्यायालयात स्वतःच्या तोंडाने उच्चारतो.

तरीही खटला झाला. १९०८ मध्ये परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्याच जुलै महिन्यात टिळकांवरचा दुसरा खटला चालला. टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण एकवीस तासांहून अधिक केले, आणि त्याचा मोठा भाग मराठी शब्दांच्या अर्थांवर खर्ची पडला: अमुक शब्दाचे इंग्रजी भाषांतर बरोबर आहे काय, त्याची छटा सौम्य की तीव्र. ज्या पंचांपुढे हा काथ्याकूट झाला त्यांत सात युरोपीय होते आणि दोन पारशी. मराठीतले लेख राजद्रोही आहेत की नाहीत हे मराठी न जाणणाऱ्या माणसांनी भाषांतरावरून ठरवायचे होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. पुन्हा झाशीचाच प्रकार: वादी आणि निवाडा करणारा एकाच घरचे. फरक एवढाच की या वेळी दुसरा वाचक हजर होता. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले.

परांजप्यांच्या वक्रोक्तीला कायद्यातून काढलेली पळवाट म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. सरळ बोलण्याचे धैर्य नसलेला माणूस वाकडे बोलतो, असा त्यांचा आक्षेप. दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाली. उपरोध केवळ त्या कलमाच्या भीतीने जन्मला असता तर ‘काळ’मधले लेखही तिच्याबरोबर इतिहासजमा व्हायला हवे होते. तसे झालेले नाही. वाकडे बोलणाऱ्यांनी तुरुंगही भोगले, हे आहेच. माझी तक्रार वेगळी आहे. ‘काळ’मधील काही लेखांत अलंकाराची धुंदी इतकी चढते की मागे तर्क उरत नाही, वाक्य डुलते, वाचक डुलतो, आणि सिद्ध काय झाले हे कोणी विचारत नाही. हसून मोकळे होणाऱ्या वाचकाला पुढे काही करावेसे वाटेलच असे नाही.

उपरोधाची खरी परीक्षा मात्र आणखी एका ठिकाणी होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ पासून मराठी गद्याला जी धार दिली, तिच्याविषयी दुमत नाही. मालेतला ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध सरकारने पुढे जप्त केला, यावरून त्या धारेची कल्पना येते. इंग्रज ग्रंथकार आणि मिशनरी यांच्या विधानांतला वदतोव्याघात चिपळूणकर मोठ्या हौसेने उघडा पाडतात. तेच चिपळूणकर जोतीराव फुल्यांच्या लेखनाकडे वळले की त्यांची पद्धत पालटते. तेथे पूर्वपक्ष मांडला जात नाही. फुल्यांची भाषा, त्यांचे व्याकरण यांची थट्टा होते. त्यांचा प्रश्न तसाच राहतो. सत्तेकडे तोंड करून केलेला उपहास आणि ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्याकडे तोंड करून केलेला उपहास, यांत शब्द सारखेच असू शकतात. पहिल्यात तर्क असावाच लागतो, दुसरा त्यावाचूनही खपतो. चिपळूणकरांसारख्या बुद्धिमान लेखकाला हे जाणवू नये, याचे मला नेहमी वाईट वाटते.

कारण फुलेही साम्राज्यशाहीबद्दलच लिहीत होते. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून त्यांनी दशावतारांच्या कथा एका आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचल्या. मत्स्य, कच्छ, वराह, वामन हे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे नायक, आणि बळीराजा हा येथल्या रयतेचा राजा. हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्यांच्या व्युत्पत्त्या आजचा भाषाशास्त्रज्ञ स्वीकारणार नाही. पण युक्तिवादाची रीत पाहा: पुरावा सारा विजेत्यांच्याच ग्रंथांतला. परशुराम चिरंजीव आहे असे हे ग्रंथ सांगतात, ठीक, मान्य. मग फुले त्याला रीतसर जाहीर पत्र लिहितात आणि सहा महिन्यांच्या आत हजर होण्यास सांगतात. भास्कर पांडुरंगांनी इंग्रजांचा तराजू वापरला, राणीने कंपनीचा तह वापरला, फुल्यांनी पुराण वापरले. रीत एकच आहे, आणि ती फक्त परदेशी सत्तेला लागू पडते असे कोणत्याही तर्कशास्त्रात लिहिलेले नाही.

ही रीत घेऊन पुन्हा गुरसरायला जावे लागते. गोविंदपंत बुंदेलखंडात गेले ते वसुलीसाठी गेले. छत्रसालाने मुलूख दिला, बाजीरावाने घेतला. त्या मुलखातल्या बुंदेल्या शेतकऱ्याने तो दिलाही नव्हता आणि घेतलाही नव्हता. १८५७ मध्ये गुरसरायच्या केशवरावांनी इंग्रज अधिकाऱ्याच्या संमतीने जालौनचा कारभार हाती घेतला. तात्या टोपे यांनी येऊन त्यांना हटवले. मराठ्याने मराठ्याला हटवले, दोघांचाही हक्क वंशपरंपरेचा. बंड मोडले, आणि गुरसरायची जहागीर खेरांकडे राहिली. या प्रसंगाला मराठी इतिहासलेखनात फार जागा मिळत नाही. निष्ठेचे दाखले देताना झाशी पुढे येते, गुरसराय मागे राहते.

झाशीच्या खलित्यांत घराण्याने कंपनीची केलेली सेवा सविस्तर सांगितली आहे, आणि डलहौसीच्या टिपणात रयतेचे हित सांगितले आहे. रयतेला काय वाटते हे विचारून दोहोंपैकी कोणीही लिहिलेले नाही. ते काम सुमारे तीस वर्षांनी फुल्यांनी केले. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ च्या जुलैत लिहून पूर्ण झाला. त्यात इंग्रज अंमलदार, देशी कारकून, सावकार, भिक्षुक सारेच हिशेबाला बसवले आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने, म्हणजे फुल्यांच्या चळवळीतल्याच पत्राने, पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे थांबवले. फुल्यांनी मग तो ग्रंथ पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे स्वतः वाचून दाखवला, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवला.